हुबळीचा एक मतदारसंघ


हुबळीचा लॅमिंग्टन रोड मुंबई इलाख्याच्या एका गव्हर्नरांच्या नावाने ओळखला जातो. त्या गव्हर्नरांस येथील कोणीही निवडून दिलेले नव्हते. पुढे मताचा अधिकार आला.

हुबळी ग्रामीण मतदारसंघाने १९७८, १९८३ व १९८५ साली एस. आर. बोम्मई यांस विधानसभेत पाठविले. १९८८ साली ते मुख्यमंत्री झाले. परंतु सभागृहात बहुमत सिद्ध करण्याची संधी न मिळताच २१ एप्रिल १९८९ रोजी त्यांचे सरकार बरखास्त झाले. बहुमताची कसोटी राजभवनात नव्हे, सभागृहातच लागावी, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ मार्च १९९४ रोजी दिला.

त्याच वर्षी जगदीश शेट्टर यांनी बोम्मईपुत्र बसवराज यांचा येथे पराभव केला. २००८ च्या निवडणुकीपासून हुबळी-धारवाड मध्य या नव्या मतदारसंघातून उभे राहून, २०१८ पर्यंत ते सलग सहा वेळा निवडून आले. २०१२ साली मुख्यमंत्रीही झाले. २०२३ साली मात्र पक्ष बदलून उभे राहिलेल्या शेट्टरांऐवजी मतदारांनी महेश टेंगिनकाई यांस निवडले.

सरकारची कसोटी सभागृहात लागते, तशी प्रतिनिधीची मतपेटीपाशी. गावोगावच्या मतदारांनी व त्यांस घडविणाऱ्या शिक्षकांनी हे विसरू नये.