छताखालची माती आणि मोजून दिलेले पाणी

पॉलिहाऊस व शेडनेटमधील भाजीपाल्याचा विचार करण्यासाठी राज्याच्या निरनिराळ्या भागांतून आलेले शेतकरी, कृषी विद्यापीठांतील संशोधक, कृषी विभागाचे अधिकारी आणि रोपवाटिकाधारक यांचे स्वागत समिती मनःपूर्वक स्वागत करते. संरक्षित शेतीच्या चर्चेत सांगाडा, आच्छादन आणि अनुदान यांना मोठा वाटा मिळतो. मालाची प्रत मात्र ज्या गादीवाफ्यात ठरते, त्या मातीचा विषय मागे राहतो आणि या परिषदेत तरी तो अग्रभागी यावा, अशी समितीची कळकळीची इच्छा आहे.

उघड्या शेतात पावसाळ्याचे पाणी मुळांभोवतीचे क्षार खाली धुऊन नेते. पॉलिहाऊसचे छत हा पाऊसच अडवत असल्यामुळे विहिरीच्या वा बोअरच्या पाण्यातून आलेले आणि विद्राव्य खतांतून उरलेले क्षार ठिबकच्या ओल्या पट्ट्याच्या कडेला व वाफ्याच्या माथ्यावर साचत जातात. त्यांचे प्रमाण विद्युत वाहकतेवरून, म्हणजे मातीच्या अर्कातून वीज किती सहज वाहते यावरून, कळते. संपृक्त अर्काची ही वाहकता ढोबळी मिरचीच्या बाबतीत सुमारे १.५, तर टोमॅटो व काकडीच्या बाबतीत सुमारे २.५ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की उत्पादन घटू लागते, कारण माती ओली दिसत असूनही मुळांना तिच्यातील पाणी ओढून घेणे जड जाते.

प्रतीचा प्रश्न याहून नाजूक आहे. टोमॅटोला पाण्याचा थोडा, पण सातत्याचा ताण दिल्यास फळ लहान राहते आणि त्यातील साखर व आम्ले दाट होऊन चव सुधारते; हाच ताण अनियमित झाला, तर फळाच्या देठाविरुद्धच्या टोकाला काळपट, चामड्यासारखा डाग पडतो. हा रोग नसून फळाला कॅल्शियम न पोहोचल्याचे लक्षण असते, कारण कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबर चढते आणि तो प्रवाह फळांपेक्षा पानांकडे कितीतरी अधिक असतो. म्हणूनच मातीत कॅल्शियम पुरेसे असताना केवळ कॅल्शियम नायट्रेटची मात्रा वाढवत राहणे हा खर्चाचा आणि बहुधा निष्फळ मार्ग ठरतो. पाण्याच्या पाळ्या लहान व नियमित ठेवणे अधिक उपयोगी पडते. कोरड्या वाफ्याला एकदम भरपूर पाणी दिल्याने टोमॅटोला तडे जातात, तर ताण बसलेली काकडी कडवट होऊ शकते.

निचऱ्यासाठी लाल माती, कुजलेले शेणखत व भाताचे तूस, तसेच सूत्रकृमींसाठी उन्हाळ्यात पारदर्शक प्लॅस्टिकखाली ओली माती तापवणे, म्हणजे सौरीकरण, हे उपाय परिचित आहेत. छतावरच्या पाण्याकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. १० गुंठ्यांच्या छतावर ५०० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे ५ लाख लिटर जवळजवळ क्षारमुक्त पाणी मिळू शकते. ते अस्तरित शेततळ्यात साठवून बोअरच्या पाण्यात किती मिसळावे आणि साचलेले क्षार धुण्यासाठी केव्हा वापरावे, यावर उपस्थित तज्ज्ञांनी शेतकऱ्यांच्या माती व पाण्याच्या तपासणी अहवालांच्या आधारे स्पष्ट शिफारस करावी, अशी स्वागत समितीची आग्रहाची विनंती आहे.