थोरलीचा हिशोब

(न्हावा शेवा येथे कापूस उत्पादकांपुढे केलेले भाषण)



आपण कोरडवाहू मुलखातून इथवर आलो, ते आपल्या कापसाच्या गाठी बोटीवर कुठं चढतात ते पाहायला. हे बंदर १९८९ साली सुरू झालं. एक गाठ १७० किलोची. तेवढी रुई निघायला साधारण पाच क्विंटल कापूस लागतो. दिवसाला चाळीस किलो वेचणाऱ्या बाईची ती बारा-तेरा दिवसांची वेचणी.

हा हिशोब आम्ही कृषी महाविद्यालयात शिकलो. त्यात एक रकाना नव्हता. माय वेचणीला वाकली की धुऱ्यावरच्या बाभळीला झोळी बांधलेली असे आणि झोळीची दोरी आमच्या थोरल्या बहिणीच्या हातात. आम्ही तिघं धाकटे भाऊ. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत ताईची शाळा बुडायची. तिसरीत ती सुटलीच. नऊ वर्षांची पोर. आमची नाकं पुसायची, भाकरी थापायची, आमच्या तापात रात्र जागायची. वेचणीची मजुरी किलोवर असते. ताईनं झोळी धरली म्हणून मायचे किलो वाढले. कृषी खर्च व मूल्य आयोग घरच्या माणसांची शेतातली मजुरी हिशोबात धरतो. झोळी हलवणाऱ्या पोरीची मजुरी कुणीच धरत नाही.

आयोगाला नावं ठेवणं सोपं आहे. आम्ही काय केलं? बाप गेल्यावर वारसनोंद झाली आणि आम्ही ताईपुढं हक्कसोडपत्र ठेवलं. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं लेकीला लेकाइतकाच वाटा दिलाय, हे आम्हा शिकलेल्यांना ठाऊक होतं. "तुम्ही सुखात राहा," म्हणून तिनं सही केली. आम्ही साडीचोळी केली आणि ऋण फिटलं असं समजलो.

आता ही भूमी पाहा. १९८४ च्या जानेवारीत इथले शेतकरी आपल्या जमिनीच्या मोलासाठी उभे राहिले. दि. बा. पाटील पुढं होते. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क पुढं आला. आमचं घेता तर त्याचं पुरतं मोल द्या, एवढंच त्यांचं मागणं होतं. आपणही सरकारला तेच सांगतो. मग घरातल्या थोरलीचं मोल एका साडीत कसं करतो?

मागल्या साली आम्ही भावांनी बक्षीसपत्र करून ताईचा वाटा तिच्या नावावर केला. सातबारा हातात घेऊन ती म्हणाली, "माझं नाव कुठं आहे, दाखव." आम्ही बोट ठेवून दाखवलं.

गावी गेल्यावर आपापला सातबारा काढा. वारसनोंद व्हायची असेल तर बहिणीपुढं हक्कसोडाचा कागद सरकवू नका. सही घेऊन झाली असेल, तरी वाटा परत देता येतो. आपल्या मालाचा पुरता हिशोब मागायचा, तर आधी घरचा पुरता करू.