घरभर गारव्याचा हिशेब

संपूर्ण घरासाठी मध्यवर्ती वातानुकूलन बसवायचं, तर यंत्राची किंमत हा खर्चाचा एक भाग झाला. थंड हवा खोल्याखोल्यांत नेणारे डक्ट, त्यांवरचं उष्णतारोधक आवरण, ते झाकणारं फॉल्स सीलिंग, पाणी काढून देणारी नळी आणि वायरिंग यांचा खर्चही धरावा लागतो. वीजजोडणीचा मंजूर भार वाढवावा लागेल का, तेही आधीच विचारा.

दरपत्रक मागवण्यापूर्वी घराच्या उष्णताभाराची मोजणी जरूर करून घ्या. एक टन क्षमता म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढण्याची ताकद. शेवटचा मजला आणि पश्चिमेच्या खिडक्या असतील तर जास्त टन लागतात. गच्चीवर उष्णतारोधक थर आणि खिडक्यांना सावली दिली, तर लहान यंत्र पुरू शकतं.

२२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. पण वीजबिल दर महिन्याला येणारच. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या मते तापमान एका अंशाने वाढवलं, की सुमारे ६ टक्के वीज वाचते.

रोज दोनच खोल्या वापरात असतील, तर स्प्लिट एसी परवडतो. दरपत्रक मात्र बाबवार लिहून घ्या आणि मगच आगाऊ रक्कम द्या.