पाच अक्षरं, सहा चान्स आणि आईचा टॉवेल

सोलापुरातून बोलतोय. मागून खटखट ऐकू येत असेल तर हेडफोनला दोष देऊ नका, शेजारी यंत्रमाग चालू आहे. आमच्या गल्लीत शांततेत रेकॉर्डिंग करायचं तर लाईट जायची वाट बघावी लागते.

आज बोलायचंय वर्डलबद्दल. रोज एक इंग्रजी शब्द, पाच अक्षरांचा. ओळखायला सहा चान्स. अक्षर बरोबर जागी असेल तर हिरवं, शब्दात आहे पण जागा चुकली तर पिवळं, नसेलच तर राखाडी. बस, एवढंच.

हा खेळ जॉश वॉर्डल नावाच्या इंजिनिअरनं केला, स्वतःच्या जोडीदारासाठी. तिचं नाव पलक शाह. इंग्रजीत पाच अक्षरी शब्द साधारण 12 हजार. पलकनं त्यातले ओळखीचे वेगळे काढले, ते उरले अडीच हजारांच्या आसपास. उत्तरं त्यातूनच निवडायची असं ठरलं. 1 नोव्हेंबर 2021 ला हा खेळ 90 जण खेळत होते, दोन महिन्यांत तीन लाख झाले. जानेवारी 2022 च्या शेवटी न्यूयॉर्क टाइम्सनं तो विकतच घेतला.

मला यातली पलकची गोष्ट फार आवडते. म्हणजे उत्तर डिक्शनरीच्या कोपऱ्यात लपलेलं नसतं, ते कुणाच्या तरी ओळखीचं असतं. हे लक्षात ठेवा, पुढं लागणारय.

आधी थोडी कामाची माहिती. उत्तरांमध्ये सगळ्यात जास्त येणारी अक्षरं म्हणजे ई, ए, आर, ओ, टी. म्हणून बरेच जण पहिला शब्द ‘क्रेन’ किंवा ‘स्लेट’ टाकतात. स्लेट म्हणजे आपली पाटी. शेवटी वाय येण्याची शक्यताही चांगली असते. पण खरा सापळा वेगळाच आहे. समजा शेवटची चार अक्षरं आय-जी-एच-टी हिरवी झाली. आपण खूश. पण मग लाईट, नाईट, राईट, फाईट, माईट, साईट, टाईट, एट, सगळेच बसतात! एकेक करून बघत बसलात तर चान्स संपतात. अशा वेळी ‘फॉर्म्स’सारखा शब्द टाका. एफ, आर, एम, एस अशी चार अक्षरं एका फटक्यात तपासून होतात.

आता हे ‘जी-एच’ कशाला मध्ये? मी मराठी मीडियमचा. आपल्याकडं बोलतो तसं लिहितो. शाळेत या जी-एचसाठी मी पट्ट्या खाल्ल्यात. नंतर कळलं, जुन्या इंग्रजीत तो उच्चार खरंच होता, ‘ख’च्या जवळचा. जर्मनमध्ये रात्रीला आजही ‘नाख्ट’ म्हणतात. 1476 मध्ये कॅक्स्टननं इंग्लंडमध्ये छापखाना काढला, हळूहळू स्पेलिंग पक्कं होत गेलं. उच्चार मात्र बदलत राहिला. म्हणजे माझं डोकं ठीक होतं, स्पेलिंगच जुनं राहिलं होतं!

पण हे कळेपर्यंत नुकसान झालेलं. पुण्यात एका कंपनीच्या ग्रुप डिस्कशनला मी 20 मिनिटं तोंड उघडलं नाही. मुद्दे होते, पण शब्द चुकला तर? परतीच्या गाडीत ठरवलं, इंग्रजी आपलं नाही.

त्यानंतर मित्रानं मला वर्डलची सवय लावली. तो पूर्व भागातला, घरात तेलुगू. शब्द आपणच ठरवून दुसऱ्याला कोडं पाठवता येतं, तसं त्यानं एकदा पाठवलं. तिसऱ्या चान्सला माझी चार अक्षरं हिरवी: ओ-डब्ल्यू-ई-एल. पहिलं तेवढं राहिलं. व्ही लावून बघितलं, व्हॉवेल, म्हणजे स्वर. चूक. बी लावला, बाउल, म्हणजे आतडं. तेही चूक. शेवटचा चान्स. मी मोठमोठे शब्द आठवतोय, कपाळाला घाम.

आई शेजारी बसून टॉवेलच्या कडा शिवत होती. ती मराठी चौथी शिकलेली, इंग्रजी येत नाही. सहज मोबाईलकडं बघितलं आणि म्हणाली, “हे आपल्या लेबलावरचं हाय की! पुढं एक खांब टाक, वर आडवी दांडी.”

टी. टॉवेल. पाचही हिरवी.

मित्राचा लगेच मेसेज, “काय बे, सोलापूरचा असून एवढा वेळ?”

मी हसलो, पण आत कुठंतरी लागलं. भौगोलिक मानांकन मिळालेला आमचा टेरी टॉवेल, ज्याच्यावर आमचं घर चाललं, माझी फी भरली गेली, तोच शब्द मला सुचला नाही. कारण मी इंग्रजी शब्द घराबाहेर शोधत होतो. आईनं हजारो लेबलं लावली. तिनं तो शब्द वाचला नव्हता, पण ओळखला होता.

मग मी उलटीकडून शोधायला लागलो. इंग्रजीतला ‘मंगूस’ आपल्या मुंगसावरून गेलाय. ‘डंगरी’ मुंबईच्या डोंगरीवरून. दोन्ही स्पेलिंग आठ अक्षरी, आणि आपल्या शहराचं जुनं स्पेलिंग, एच घालून लिहिलेलं ‘शोलापूर’, तेही आठ! मित्राला सांगितलं तर तो म्हणे, आमचा पण लिही. ‘बँडिकूट’, म्हणजे घूस, तेलुगूतल्या ‘पंदीकोक्कु’वरून, डुकरासारखा उंदीर. नऊ अक्षरं. तेव्हापासून तो एक अक्षरानं पुढं आहे आणि विसरू देत नाही.

माझं इंग्रजी एकदम फाडफाड झालं का? नाही. पण मागच्या इंटरव्ह्यूला अडखळत का होईना, बोललो. निकाल यायचाय.

आई आता रोज रात्री विचारते, “आजचं खांब-दांडीचं झालं का?” आम्ही दोघं मिळून लावतो. तिला सात अक्षरं यायला लागलीत.

तर आज घरात जरा बघा. डब्यावर, पोत्यावर, साबणाच्या कागदावर पाच अक्षरी इंग्रजी शब्द किती सापडतात? यादी करून पाठवा. पुढच्या भागात आईच्या तोंडून वाचून घेतो. भेटू!