फटका कमरेतून येतो

माझं बालपण पुण्याजवळच्या खडकीत गेलं. धनराज पिल्ले यांची ही खडकी. आमच्या गल्लीत पोर नीट धावू लागलं की हातात हॉकी स्टिक यायची. मीही खेळलो. पण माझा फटका गोलजाळीपर्यंत पोहोचायचा तो दमूनच. शाळेतले सर म्हणायचे, "मनगटं कमव." कमावली, फटका तसाच राहिला. पुढे स्टिक सुटली, कविता हाती लागली.

गेल्या वर्षी लेकीलाही मी तेच सांगितलं. ती पेनल्टी कॉर्नरवर ड्रॅग फ्लिक मारते. माझं ऐकून रोज फ्लिकवर फ्लिक मारत राहिली आणि महिन्याभरात कंबर धरून बसली.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी तिला कोपरांवर आणि चवड्यांवर अंग तोलायला, म्हणजे प्लँक करायला लावलं. अर्ध्या मिनिटात अंग थरथरू लागलं. बाई म्हणाल्या, "हात तयार आहेत, मधला खांबच कच्चा आहे."

मग त्यांनी समजावलं. फ्लिकचा जोर पायांतून निघतो. लांब पाऊल टाकून खेळाडू वाकतो. आधी कंबर वळते, मग छाती, खांदे आणि शेवटी मनगट. पोट, पाठ आणि नितंबांचे स्नायू, ज्यांना आता 'कोअर' म्हणतात, हा जोर वर पोहोचवतात. ते ढिले असले की जोर वाटेतच सांडतो आणि भार कण्यावर येतो.

२०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हरमनप्रीत सिंगने सर्वाधिक १० गोल केले. कांस्यपदकाच्या सामन्यात स्पेनविरुद्धचे आपले दोन्ही गोल त्याचेच. त्याची फ्लिक संथ गतीत पाहा. मनगटाआधी कंबर वळलेली दिसेल.

लेकीची फ्लिक काही आठवडे बंद झाली. प्लँक, मग बाजूवर प्लँक, मग कंबर वळवून भिंतीवर जड चेंडू फेकणं. ते वळणं पाहून मला तालमीत मुद्गल फिरवणारे अब्बा आठवले. "कमर कस, बेटा," ते म्हणायचे. मला वाटायचं, नुसता धीर देताहेत.

कोअर कमावलं की आपोआप गोल होतो, असं नाही. तंत्र हवं, नेम हवा, सराव तर हवाच. पण सराव करायला कंबर शाबूत लागते. लेक आता पुन्हा मैदानात आहे. मी तिची माफी मागितली, तर म्हणाली, "अब्बू, माफी नको, प्लँक करा."

सध्या वीस सेकंदं टिकतो.