धाराशिव जिल्ह्याचे मनुष्यबळ

धाराशिव जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत सुमारे 16 लाख 57 हजार होती. दहा वर्षांतली वाढ साडेअकरा टक्के, तर राज्याची जवळपास सोळा. वाढ मंद असण्यामागे स्थलांतराचा मोठा वाटा आहे. पुणे, मुंबई, सोलापूरकडे गेलेला तरुण सणावारालाच गावी दिसतो.

जिल्ह्यात शंभरातील त्र्याऐंशी माणसे खेड्यात राहतात. त्यांचा रोजगार म्हणजे शेती, आणि तीही बहुतांश पावसावरची: सोयाबीन, तूर, ज्वारी, हरभरा. भूम भागात दूधधंद्याला खव्याने आधार दिला. कुंथलगिरीचा खवा आणि पेढा त्यामुळेच नावाजला. मोठे कारखाने मात्र मोजकेच.

काम नसलेल्या महिन्यांत अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ उचल घ्यायची, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता धरायचा आणि दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्र किंवा कर्नाटक गाठायचे. मुले सोबत गेली की शाळेचे वर्ष मधेच तुटते. या मुलांसाठीच हंगामी वसतिगृहांची योजना आहे, आणि शिक्षणाच्या साऱ्या उपायांत ती सर्वांत मोलाची म्हणावी लागेल.

साक्षरता 2011 मध्ये सुमारे 78 टक्के होती, राज्याच्या 82 टक्क्यांहून कमी. त्यातही स्त्रिया मागे. उच्च शिक्षणाची सोय वाढते आहे. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे केंद्र 1986 पासून आहे, धाराशिवला विद्यापीठाचे उपकेंद्र आणि आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. शिकलेल्यांना सामावून घेणारे काम मात्र जिल्ह्यात त्या वेगाने वाढलेले नाही. विकासात मागे राहिलेल्या जिल्ह्यांसाठीच्या नीती आयोगाच्या 2018 च्या ‘आकांक्षित जिल्हे’ यादीतही धाराशिवचे नाव आहे.