शिकारी कुत्र्यांच्या स्पर्धा आणि त्यांची पैदास

शिकारी कुत्र्याची पारख त्याच्या ठेवणीवरून करावी की त्याच्या कामावरून, हा वाद इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभा राहिला. १८५९ मध्ये न्यूकॅसल येथे पॉइंटर आणि सेटर या जातींच्या कुत्र्यांचे प्रदर्शन भरले आणि त्यात कुत्र्यांचे अंग, डोके, पाय, शेपूट पाहून बक्षिसे देण्यात आली. त्यानंतर सहाच वर्षांनी, १८ एप्रिल १८६५ रोजी, बेडफर्डशायरमधील साउथहिल येथे कुत्री प्रत्यक्ष रानात सोडून त्यांच्या कामाला गुण देण्याचा उपक्रम झाला. फील्ड ट्रायल या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या स्पर्धेची ही पहिली ज्ञात नोंद होय. फील्ड ट्रायल म्हणजे रानात, खऱ्या किंवा काही ठिकाणी मुद्दाम सोडलेल्या पक्ष्यांवर, परीक्षकांच्या नजरेखाली कुत्र्याकुत्र्यांत लावलेली आणि क्रमांक देऊन निकाल जाहीर करणारी चढाओढ. दीडशेहून अधिक वर्षे चाललेल्या या चढाओढीने शिकाऱ्याच्या हाती अधिक चांगला कुत्रा दिला का, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

बंदुकीने पक्ष्यांची शिकार करणाऱ्यांच्या सोबतीला जे कुत्रे असतात त्यांच्यात कामाची मोठी वाटणी आहे. पॉइंटर आणि सेटर वाऱ्याच्या तोंडाला राहून रान धुंडाळतात आणि दडलेल्या पक्ष्याचा वास लागताच जागच्या जागी थिजतात, म्हणजे शिकाऱ्याला जवळ येण्यास वेळ मिळतो. स्पॅनियल झुडपात घुसून पक्षी उठवतो, मात्र त्याने ते बंदुकीच्या पल्ल्यातच केले पाहिजे. रिट्रीव्हर, ज्यांत आपल्याकडे घरोघरी दिसणारा लॅब्राडॉर येतो, बार होईपर्यंत शांत बसून राहतो आणि हुकूम मिळाला की पडलेला किंवा जायबंदी पक्षी शोधून, तोंडात हळुवार धरून आणतो. या तिन्ही कामांत नाक, दम आणि धाडस लागते, पण तितकाच संयमही लागतो, आणि संयमाची परीक्षा घेणे हे वेगाची परीक्षा घेण्यापेक्षा फार अवघड असते. स्पर्धांच्या पुढच्या इतिहासातील बरीचशी गुंतागुंत या एका अडचणीतून निघालेली आहे.

ब्रिटनमधील रिट्रीव्हरच्या स्पर्धेत ही अडचण बऱ्याच अंशी सोडवलेली दिसते. तेथे स्पर्धा प्रत्यक्ष शिकारीच्या दिवशी होते, पुढे काय घडेल हे परीक्षकांनाही ठाऊक नसते आणि काही दोष असे मानले जातात की ते दिसताच कुत्रा तत्काळ बाद होतो. हुकमाआधी धावणे, रांगेत बसलेले असताना कुंई कुंई करणे, आणि तोंड कठोर असणे, म्हणजे आणताना पक्षी चिरडणे, हे त्यांतील प्रमुख दोष. कठोर तोंडाची तपासणी पाहण्यासारखी असते. परीक्षक पक्षी तळहातावर घेतो आणि त्याच्या छातीच्या दोन्ही बाजूंच्या फासळ्यांवरून अंगठा व बोट सावकाश फिरवतो. फासळ्या गोल आणि ताठ लागल्या तर कुत्रा निर्दोष. त्या आत दबलेल्या, चपट्या लागल्या तर संशय उत्पन्न होतो, आणि छऱ्यांनी किंवा उंचावरून पडल्याने तसे झाले असण्याची शक्यता तपासून मगच निर्णय दिला जातो, तोही कुत्र्याच्या मालकाला पक्षी स्वतः चाचपण्याची संधी देऊन. जो पक्षी एका कुत्र्याला सापडला नाही तो दुसऱ्याने आणून दिला तर पहिल्याची स्पर्धा बहुधा तेथेच संपते. अशा नियमांखाली पिढ्यानपिढ्या निवडलेला कुत्रा गप्प, मऊ तोंडाचा आणि हुकमाला बांधलेला निघतो, आणि शिकाऱ्याला नेमका तोच हवा असतो. ब्रिटिश स्पर्धेने या बाबतीत शिकारी कुत्र्यावर उपकार केले आहेत, हे निःसंकोचपणे म्हणता येते.

अमेरिकेत गोष्ट वेगळ्या दिशेने गेली. तेथे १८७४ मध्ये टेनेसी राज्यातील मेम्फिसजवळ पहिली स्पर्धा झाली आणि १८९६ पासून पॉइंटर व सेटर यांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली, जी पुढे त्याच राज्यातील ग्रँड जंक्शनजवळच्या एम्स या विस्तीर्ण मळ्यावर स्थिरावली. या स्पर्धेत कुत्र्यांची जोडी सलग तीन तास धावते, परीक्षक आणि कुत्र्यांचे प्रशिक्षक घोड्यावर असतात, आणि बॉबव्हाइट नावाच्या लाव्यांचे थवे शोधत कुत्रा इतका लांब जातो की पुष्कळदा तो नजरेआडच असतो. दक्षिणेकडील मोठमोठ्या मळ्यांवर घोड्यावरून आणि खेचरांच्या गाडीतून शिकार चालत असे, त्यामुळे तेथे असा लांब पल्ल्याचा कुत्रा उपयोगाचा होता, हे विसरून चालणार नाही. परंतु मळे तुटले, लाव्यांची संख्या घटली, पायी हिंडणारा सामान्य शिकारी कुंपणे आणि रस्ते यांच्या मधल्या तुकड्यांत शिकार करू लागला, तरी स्पर्धेचा आदर्श मात्र घोडेस्वाराचाच राहिला. पायी चालणाऱ्या माणसाच्या दृष्टीने क्षितिजापलीकडे जाऊन थिजलेला कुत्रा हा सापडलेला पक्षी नसून हरवलेला कुत्रा असतो. निवड किती एकारलेली झाली याची साक्ष निकालांतच आहे: पहिल्या अजिंक्यपदाचा मानकरी काउंट ग्लॅडस्टन चौथा हा सेटर होता, पण १९७० मध्ये जॉनी क्रॉकेट हा सेटर जिंकल्यानंतर पुढचा सेटर विजेता येण्यास २०१३ साल उजाडले. मधल्या सर्व वर्षांत विजेतेपद पॉइंटरांकडेच राहिले, कारण त्या विशिष्ट कामाला, त्या विशिष्ट वेगाला पॉइंटर अधिक सरस ठरत गेले. सेटर शिकारीत वाईट होते असा त्याचा अर्थ कोणताही जाणता शिकारी काढणार नाही.

रिट्रीव्हरांच्या अमेरिकन स्पर्धांत हीच प्रक्रिया आणखी स्पष्टपणे दिसते. १९३१ मध्ये न्यूयॉर्क राज्यात सुरू झालेल्या या स्पर्धा प्रारंभी शिकारीच्या जवळ होत्या. १९५२ आणि १९५३ या दोन्ही वर्षी राष्ट्रीय विजेता ठरलेला किंग बक हा काळा लॅब्राडॉर बदकांच्या शिकाऱ्यांना घ्याव्या लागणाऱ्या सरकारी बदक-तिकिटाच्या १९५९ च्या आवृत्तीवर झळकला, आणि उत्तम रिट्रीव्हर असला तर जायबंदी पक्षी वाया जात नाही हा संदेश त्या तिकिटाने शिकाऱ्यांपर्यंत पोचवला. पण सहभागी कुत्रे जसे सरस होत गेले तसे त्यांच्यात क्रमांक लावणे कठीण होत गेले, आणि क्रमांक लावता यावा म्हणून परीक्षक पक्षी पडण्याची जागा दूर दूर नेऊ लागले. बदकाच्या शिकारीत पन्नास-साठ यार्डांवर पडणारा पक्षी स्पर्धेत तीनशे आणि त्याहून अधिक यार्डांवर पडू लागला, आणि कुत्र्याला इतक्या दुरून दिसावे म्हणून पक्षी फेकणारी माणसे व प्रशिक्षक पांढरे अंगरखे घालू लागले. बदकांपासून लपण्यासाठी गवताच्या रंगाचे कपडे घालून दडणाऱ्या शिकाऱ्याशी या दृश्याचे नाते उरले नाही. अखेर १९८० नंतरच्या दशकात शिकाऱ्यांनीच वेगळी वाट काढली आणि १९८५ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने ‘हंट टेस्ट’ सुरू केल्या, ज्यांत कुत्रा दुसऱ्या कुत्र्याशी लढत नाही, ठरलेल्या दर्जाला उतरला की उत्तीर्ण होतो.

येथे या प्रश्नाचे मर्म हाती लागते. स्पर्धेला एक विजेता हवा असतो आणि परीक्षेला एक दर्जा हवा असतो. विजेता शोधण्यासाठी कस सतत वाढवावा लागतो, आणि तो ज्या दिशेने सहज वाढवता व मोजता येतो, म्हणजे अंतर, वेग, दम, त्याच दिशेने वाढतो. घरी शांत राहणे, धुक्यात व पावसात मालकाच्या सोबतीने सावकाश काम करणे, नवशिक्या मुलाचाही हुकूम मानणे हे गुण मोजपट्टीत बसत नाहीत, म्हणून ते निवडीतून निसटतात. महाराष्ट्रातील श्रोत्यांना खिलार बैलाच्या उदाहरणावरून हे चटकन उमगेल: शर्यतीमुळे खिलार जातीला मोल राहिले हे खरे, पण काही क्षणांच्या धावेसाठी निवडलेला तापट बैल दिवसभर नांगर ओढील, असे कोणताही शेतकरी म्हणणार नाही.

आनुवंशिकतेच्या शास्त्राने या चर्चेत आणखी एक गंभीर मुद्दा आणला आहे. एखाद्या गुणातील फरकांपैकी किती भाग रक्तातून येतो आणि किती संगोपन, शिकवण व परिस्थिती यांतून येतो, याच्या प्रमाणाला आनुवंशिकतेचा गुणांक म्हणतात. स्कँडिनेव्हियात शिकारी कुत्र्यांच्या चाचण्यांच्या नोंदींवरून झालेल्या अभ्यासांत शोध, वेग, पक्ष्यावर थिजणे अशा गुणांचे हे प्रमाण सामान्यतः कमी ते मध्यम आढळले आहे. त्याचा व्यावहारिक अर्थ असा की एका कुत्र्याच्या एका दिवसाच्या विजयावरून त्याच्या पिल्लांविषयी फार थोडे कळते, विशेषतः त्या विजयामागे वर्षभर व्यावसायिक प्रशिक्षकाचे श्रम आणि विजेचा झटका देणारा गळपट्टा असतील तर, कारण कसलेली शिकवण जन्मजात उणिवा झाकून टाकते. भरवशाचा अंदाज बांधायचा असेल तर एकाच वेतातील सर्व भावंडे आणि नराची पुष्कळ पिल्ले लहान वयातच तपासली पाहिजेत, आणि नापास झालेल्यांचीही नोंद राहिली पाहिजे. स्पर्धा मात्र पहिल्या तीन-चार क्रमांकांचीच नावे कायम करते. बाकीचे विस्मरणात जातात.

त्यातच गाजलेल्या विजेत्या नराकडून शेकडो पिल्ले घेतली जातात आणि त्याच्या रक्तातील दडलेला दोषही त्यांच्याबरोबर पसरतो. लॅब्राडॉरमध्ये आढळणारा श्रमाने कोसळण्याचा विकार याचे बोलके उदाहरण आहे. धडधाकट, उत्साही कुत्रा पाच ते वीस मिनिटे जोराची धावपळ करतो आणि मग त्याचे मागचे पाय लटके पडतात. काही कुत्रे त्यात दगावतातही. मिनेसोटा विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी २००८ मध्ये या विकाराचे मूळ एका विशिष्ट जनुकातील बदलात असल्याचे दाखवले. हा बदल आई आणि वडील दोघांकडून आला तरच विकार प्रकट होतो. एकाच बाजूने आलेला असेल तर कुत्रा निरोगी दिसतो, स्पर्धा जिंकतो आणि दोष पुढे देत राहतो. स्पर्धेच्या रक्ताच्या लॅब्राडॉरांमध्ये हा बदल चांगलाच पसरलेला होता. विकार स्पर्धेने निर्माण केला नाही, पण मोजक्या विजेत्यांभोवती पैदास गोळा करण्याची सवय त्याच्या पथ्यावर पडली. रक्ताची तपासणी करून योग्य जोड्या लावल्या तर आता हे टाळता येते.

जर्मनीने जी पद्धत उभारली तिच्याकडे या पार्श्वभूमीवर आदराने पाहावे लागते. १८९९ मध्ये तेथे शिकारी कुत्र्यांच्या संघटनांचा महासंघ स्थापन झाला आणि परीक्षांची एक शिडीच तयार झाली. वसंत ऋतूत वर्षभराच्या आतबाहेरच्या पिल्लांची परीक्षा होते, जिच्यात ससा निघून गेल्यावर, तो डोळ्यांना दिसत नसताना, केवळ मागावर पिल्लू किती निष्ठेने चालते हे पाहतात. शरदात पाणी, शोध आणि आज्ञापालन यांची परीक्षा होते. आणि पूर्ण वाढीच्या कुत्र्याच्या मोठ्या परीक्षेत किमान चारशे मीटरचा, काही वेळा रात्रभर मुरलेला रक्ताचा माग काढावा लागतो, जायबंदी हरिण रानात तडफडत राहू नये म्हणून. या परीक्षांत पैदासकाराला आईबापांचे फळ तपासायचे असते, म्हणून भावंडे एकत्र आणण्यावर भर असतो, आणि अनेक जातींच्या संघटना परीक्षा उत्तीर्ण न झालेल्या कुत्र्याच्या पिल्लांची नोंदच करत नाहीत. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या उत्तर अमेरिकेतील बहुपयोगी शिकारी कुत्र्यांच्या संघटनेने हीच दृष्टी स्वीकारली आणि सोळा महिन्यांपर्यंतच्या पिल्लांची नैसर्गिक क्षमता जास्तीत जास्त ११२ गुणांत मोजण्याची पद्धत रुजवली. या पद्धतीलाही मर्यादा आहे: उत्तीर्णांच्या गर्दीत असामान्य कुत्रा उठून दिसत नाही, आणि असामान्य कुत्रा ओळखण्याचे काम स्पर्धाच उत्तम करते. म्हणून स्पर्धा बंद व्हाव्यात असे म्हणणे अविचाराचे होईल. ज्या जातींत कामाची कसलीच कसोटी उरली नाही आणि केवळ प्रदर्शनाच्या रिंगणात निवड झाली, त्यांतील कित्येक सेटर आणि स्पॅनियल यांच्या अंगावरचे केस लांबत गेले आणि नाकाची धार गेली, हे नुकसान स्पर्धांनी केलेल्या नुकसानापेक्षा मोठे आहे. पाया परीक्षेचा असावा आणि स्पर्धा त्यावरचा कळस म्हणून राहावी, हाच क्रम योग्य ठरतो.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती असलीच पाहिजे. त्यामुळे मराठवाडा आणि सोलापूरकडील कारवानी कुत्रा, जो वासापेक्षा नजरेने सावज हेरून वेगाने गाठण्यासाठी शेकडो वर्षे घडला, आज कामाविना राहिला आहे, आणि त्याची निवड प्रदर्शनातील रूपावर किंवा विक्रीच्या भावावर होऊ लागली आहे. वर वर्णिलेल्या इतिहासातून या जातीच्या पालकांना घेण्यासारखे पुष्कळ आहे: सशाला हात न लावता, दोरीने ओढलेल्या कृत्रिम सावजामागे धाव, उन्हातला दम, राखणीतील सावधपणा आणि माणसांशी वागणूक यांच्या परीक्षा गावोगावी घेता येतील. त्या घेताना पहिल्या आलेल्या कुत्र्याला ढाल देऊन थांबू नये; एका वेतातील सगळी पिल्ले आणावीत, सगळ्यांचे गुण लिहावेत, नापासांचेही, आणि ती वही पिल्लू घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला उघडून दाखवावी, अशी कारवानी पाळणाऱ्या सर्व श्रोत्यांना कळकळीची विनंती आहे.